कार्तिकी पौर्णिमेला पट जुहारताना: गिरिराजाची एकवीस नावं आणि एकवीस खमासमण, तयारीपासून शेवटपर्यंत

चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची, म्हणजे गुजरातेत पालिताण्याला असलेल्या जैन तीर्थडोंगराची, यात्रा कार्तिकी पौर्णिमेला उघडते. यालाच गिरिराज म्हणतात. पालिताण्याला जाणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून जालना, परभणी, सेलू, लातूर, बीड अशा आपल्या गावांतले संघ गिरिराजाचा पट, म्हणजे मोठं चित्र, उभारतात आणि त्याच्यासमोर त्याची एकवीस नावं घेऊन एकवीस खमासमण (जमिनीला कपाळ टेकून केलेली वंदनं) देतात. यालाच पट जुहारणं म्हणतात. भाव उत्तम असतो, गर्दीही चांगली असते. पण नावांची यादी अर्धी एकीकडची, अर्धी दुसरीकडची. मोजणी कधी अठरावर थांबते, कधी चोविसावर जाते. आणि दहाव्या नावानंतर खमासमण म्हणजे नुसतं मान हलवणं उरतं. हे सगळं टाळता येतं, पण त्यासाठी काम आठ दिवस आधी सुरू करावं लागतं. हा लेख श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेतल्या विधीसाठी आहे.

## टप्पा १: तिथी आणि यादी पक्की करा (आठ दिवस आधी)

भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात त्रिपुरारी पौर्णिमा दिसली म्हणजे तोच दिवस, असं धरू नका. आपला संघ जे जैन पंचांग पाळतो त्यातली तिथी बघा. कधीकधी एका दिवसाचा फरक पडतो आणि मंडपवाला, मैदान, नवकारशी (संघाचं सामुदायिक खाणं) असं सगळं चुकीच्या दिवसासाठी सांगून बसतो. त्याच दिवशी महाराजसाहेबांचं (साधूंचं) चातुर्मास परिवर्तन, म्हणजे चातुर्मासाची जागा सोडणंही असतं. तेव्हा परिवर्तनाची मिरवणूक आधी की पट आधी, हे त्यांनाच विचारून ठरवा.

आता यादी. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

एकवीस नावांच्या दोन वेगवेगळ्या परंपरागत याद्या आहेत. खमासमणाच्या वेळी म्हणायच्या गुजराती दुह्यांमध्ये (दोन ओळींच्या पदांमध्ये) येते ती यादी शत्रुंजयपासून सुरू होऊन सर्वकामदवर संपते. दुसरी यादी जुन्या कल्पग्रंथांतली. तिच्यात मरुदेव, भगीरथ, बाहुबली, सहस्रकमल, ढंक, कदंब, लोहित्य, तालध्वज अशी नावं येतात. शत्रुंजय, पुंडरीक, सिद्धक्षेत्र, मुक्तिनिलय ही नावं दोन्हींत आहेत. त्यामुळे कुणी मोबाइलवरून एक यादी काढतं, कुणी आजीच्या पुस्तकातून दुसरी, आणि दोन्ही बरोबर वाटतात. त्याशिवाय ९९ आणि १०८ नावांच्या याद्याही आहेत. त्यांतून मनाला येतील ती एकवीस उचलणारेही भेटतात.

दोन्ही याद्या पवित्र आहेत. पण दुहे म्हणून खमासमण द्यायचे असतील तर दुह्यांचीच यादी घ्यावी लागते, कारण प्रत्येक दुहा ठरावीक नावासाठी आहे. ती यादी अशी. पाठ करायला सात-सातचे तीन गट पाडले आहेत:

पहिले सात: शत्रुंजय, पुंडरीकगिरि, सिद्धक्षेत्र, विमलाचल, सुरगिरि, महागिरि, पुण्यराशि.

मधले सात: श्रीपद, पर्वतेंद्र, महातीर्थ, शाश्वतगिरि, दृढशक्ति, मुक्तिनिलय, पुष्पदंत.

शेवटचे सात: महापद्म, पृथ्वीपीठ, सुभद्र, कैलास, पातालमूल, अकर्मक, सर्वकामद.

पुस्तकागणिक श्रीपदगिरि, कैलासगिरि, सर्वकामदायक असे थोडे फरक दिसतात. तेवढ्यावरून यादी चुकली असं समजू नका.

सावध: या यादीत ‘सिद्धाचल’ हे वेगळं नाव नाही. ते दुह्याच्या ध्रुवपदात पुन्हा पुन्हा येतं, शिवाय घरात तोंडी तेच बसलेलं असतं. म्हणून लोक ते सुरुवातीला जोडतात आणि यादी बावीसची होते. ‘पालिताणा’ तर गावाचं नाव, तेही यात येत नाही. चौदावं ‘पुष्पदंत’ म्हणजे नववे तीर्थंकर सुविधिनाथ नव्हेत आणि अठरावं ‘कैलास’ म्हणजे अष्टापद हे दुसरं तीर्थ नव्हे. ही दोन्ही इथे याच गिरिराजाची नावं आहेत. पाठशाळेतली लेकरं हा प्रश्न हमखास विचारतात, तेव्हा शिकवणाऱ्यांनी उत्तर तयार ठेवावं.

आपल्या भागात आणखी एक सूचना हटकून येते, की कुंथलगिरीचं नावही यात घेऊ या. कुंथलगिरी हे कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं सिद्धक्षेत्र, मराठवाड्यातल्या जैनांच्या मनाच्या अगदी जवळचं. त्याची वंदना जरूर करा, पण स्वतंत्र. एकवीसमध्ये ते बसवू नका.

## टप्पा २: नावांचा कागद तयार करा

एक माणूस लिहील, दुसरा छापील पुस्तकाशी ताडून बघेल. एकाच माणसाने दोन्ही करू नये. आपली चूक आपल्याला दिसत नाही.

मराठी टायपिंगमध्ये ‘ल’चा ‘ळ’ आपोआप होतो: विमलाचळ, पाताळमूळ. गुजराती दुहे देवनागरीत उतरवताना ऱ्हस्व-दीर्घाचीही दुरुस्ती कुणीतरी मराठी व्याकरणाप्रमाणे करून टाकतो आणि मग चाल मोडते. दुह्याचा शब्द जसा आहे तसाच राहू द्या.

कागदावर प्रत्येक नावासमोर त्याचे दुहे लिहा आणि खमासमण नेमका कुठे द्यायचा तिथे ठळक खूण करा. सगळ्या विधीत जास्तीत जास्त उपयोगी पडणारी गोष्ट हीच. दुहे एकवीसपेक्षा बरेच जास्त आहेत. काही नावांना एकच दुहा आहे, काहींना दोन-तीन. पहिल्या नावाआधी तर प्रस्तावनेचे दुहे येतात, आणि शत्रुंजय हे नाव त्यांच्या शेवटी, शुकराजाच्या उल्लेखासह येतं. प्रत्येक दुह्याला खमासमण दिला की मोजणी कोलमडते. त्या दुह्यांचं नाव येऊन ध्रुवपद म्हणून झालं, की मग एक खमासमण.

तपासा: कागदावरच्या खुणा मोजा. बरोबर एकवीस भरल्या पाहिजेत. वीस किंवा बावीस आल्या तर छापायला देऊ नका.

अक्षर मोठं ठेवा. सकाळच्या उन्हात, चष्मा घरी विसरलेल्या काकूंना वाचता आलं पाहिजे.

## टप्पा ३: सात शुद्धी, आपल्या गावाच्या हिशोबाने

प्रस्तावनेच्या दुह्यांतच सात शुद्धी सांगितल्या आहेत: अंग, वस्त्र, मन, भूमी, पूजेची उपकरणं, न्यायाने मिळवलेलं द्रव्य आणि विधी. आदल्या दिवशीच्या तयारीला यापेक्षा चांगली यादी मिळणार नाही. त्यातल्या तीन बाबतीत आपल्याकडे चुका होतात, म्हणून त्यांवर जरा थांबतो.

भूमी. पट गावाबाहेर किंवा मोकळ्या जागेत उभारायची रीत आहे. नोव्हेंबरात आपल्या काळ्या जमिनीवर गवत हिरवं असतं, परतीचा पाऊस लांबला असेल तर चिखलही. एकवीस वेळा कपाळ टेकायचं आहे, तेव्हा मुरमाची, कोरडी, गवत नसलेली जागा शोधा. त्या सकाळी गवत कापून किंवा पाणी मारून जागा ‘स्वच्छ’ करू नका. यात्रेच्या नावाखाली जीवहिंसा कशाला? आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी उजाडल्यावर, असं दोनदा बघा. मुंग्यांची रांग दिसली तर सतरंजी तिच्यावर अंथरू नका, बाजूला सरकवा. अशी जागा मिळतच नसेल तर मंदिराच्या सभागृहात पट लावा, त्यात काही कमीपणा नाही.

पट. मराठवाड्यातून गिरिराज वायव्येला येतो. शक्य असेल तर पट त्या बाजूला उभारा, म्हणजे वंदन करणाऱ्यांचं तोंड तीर्थाकडे होतं. या मांडणीचा आणखी एक फायदा असा की सकाळचं ऊन भाविकांच्या पाठीवर येतं, डोळ्यांत जात नाही. मात्र तेच ऊन सरळ पटावर पडतं. कापडावर रंगवलेला जुना पट असेल तर वर छत हवंच, नाहीतर रंग उडतो. फ्लेक्सचा पट असेल तर तो उन्हात चमकतो आणि समोरच्या निम्म्या लोकांना काहीच दिसत नाही. तो वरच्या बाजूने किंचित पुढे झुकवून बांधा. पटाचा खालचा कडा माणसांच्या पायांच्या पातळीत येऊ नये, पाट किंवा टेबल ठेवून उंच घ्या. पट उलगडण्याच्या मानाची बोली (लिलाव) होत असेल तर ती आदल्या दिवशीच उरका.

तांदूळ. साथियासाठी (तांदळाच्या स्वस्तिकासाठी) अखंड तांदूळ लागतो. आपल्याकडे किराण्यातून आणलेल्या तांदळात कणी भरपूर असते. तो आधी निवडून ठेवा, ऐनवेळी ताटात निवडत बसू नका. एकवीस साथिये काढायचे असतील तर मुठीमुठीने नव्हे, किलोच्या हिशोबाने तांदूळ घ्या.

वेळेचंही इथेच बघा. नोव्हेंबरात मोंढ्यात सोयाबीन आणि कापसाची गर्दी असते, आडतीवरचे लोक नऊ वाजल्यापासून घड्याळ बघू लागतात. दुहे, खमासमण, चैत्यवंदन (सूत्रं-स्तवनं म्हणून केलेली भगवंतांची वंदना) आणि काउसग्ग (शरीर स्थिर ठेवून केलेलं ध्यान) मिळून दीड ते दोन तास सहज जातात. सूर्योदयानंतर लवकर सुरू करा आणि ही वेळ निमंत्रणातच लिहा. अर्ध्यावर उठून जाणारे दोष देण्यासारखे नसतात, त्यांना वेळ सांगितलेलीच नसते.

## टप्पा ४: माणसं नेमा

तिघं पुरे.

दुहे म्हणणारा असा हवा की ज्याला चाल आणि शब्द दोन्ही येतात. आवाज गोड असण्यापेक्षा स्पष्ट असणं महत्त्वाचं. मोजणारा म्हणजे फक्त मोजणारा. त्याने त्या वेळी दुसरं काहीही सांभाळायचं नाही. त्याच्यापुढे दोन वाट्या ठेवा, एकीत एकवीस बदाम. प्रत्येक खमासमणाला एक बदाम दुसऱ्या वाटीत. पहिली वाटी रिकामी झाली की एकवीस पूर्ण, वाद नाही. तिसरा माणूस वृद्धांसाठी: खुर्च्या, पाणी, हात देणं.

महाराजसाहेब किंवा साध्वीजी हजर असतील तर विधी त्यांच्या आज्ञेने चालेल. बऱ्याच समुदायांत ते माइकवर बोलत नाहीत, म्हणून बसण्याची रचना जवळजवळ करा. ज्या छोट्या गावात चातुर्मास नव्हता तिथे संघाने आधी जवळच्या गावातल्या गुरुभगवंतांकडून क्रम लिहून आणावा.

## टप्पा ५: आधी द्रव्य, मग भाव

पटासमोर आलात की पादत्राणं लांब, मोबाइल बंद, आणि साथियाचं काम आधी पूर्ण. खाली साथिया, त्यावर ज्ञान-दर्शन-चारित्राच्या तीन ढिगल्या, सगळ्यात वर अर्धचंद्राच्या आकाराची सिद्धशिला. नैवेद्य साथियावर, फळ सिद्धशिलेवर. जागा कमी असेल तर सगळ्यांनी एकवीस-एकवीस साथिये काढण्याचा आग्रह धरू नका. घरटी एक ताट पुरतं.

त्यानंतर तिसरी निसीही, म्हणजे तांदूळ-फळं वाहण्याचं काम थांबवून भावपूजा सुरू करत असल्याचा उच्चार. ती म्हटली की द्रव्याचं काम संपलं. ‘माझी बदामाची पिशवी राहिली’ म्हणून मध्येच उठून तांदळात हात घालणं ही नेहमीची चूक आहे. राहिलं ते राहिलं.

## टप्पा ६: खमासमण नीट द्या

नावं कितीही शुद्ध म्हटली आणि खमासमणच अर्धवट असला तर विधी झालाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून एकच खमासमण सावकाश बघू.

पाय जुळवून उभे राहा, हात जोडा. *इच्छामि खमासमणो वंदिउं* हे सरळ उभ्यानेच म्हणायचं. *जावणिज्जाए निसीहिआए* म्हणताना कमरेतून वाका, चरवळ्याने (लोकरीच्या लहान झाडणीने) किंवा हातातल्या उपरण्याच्या टोकाने समोरची जागा हलक्या हाताने पुंजा, म्हणजे झाडून घ्या, मग गुडघे टेका. *मत्थएण वंदामि* म्हणताना जोडलेले हात आणि कपाळ जमिनीला. दोन गुडघे, दोन हात आणि मस्तक, ही पाचही अंगं एकाच वेळी जमिनीवर असायला हवीत. म्हणूनच याला पंचांग प्रणिपात म्हणतात. मग हातांवर भार न देता उठा आणि पुढच्या दुह्यासाठी पुन्हा सरळ उभे राहा.

चुका ठरलेल्या आहेत. गुडघे टेकतात, पण कपाळ हवेतच राहतं. पुंजणं पहिल्या दोन-तीन वेळा होतं, नंतर विसरतं. सूत्र घाईने संपतं आणि शरीर मागे राहतं, म्हणजे ‘वंदामि’ म्हणून झालं तरी माणूस अजून वाकतोच आहे. दुहे म्हणणाऱ्याने सगळे उठेपर्यंत थांबलं की यातलं निम्मं आपोआप सुधारतं.

सावध: गुडघ्यांचा, पाठीचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर एकवीस वेळा खाली-वर करू नका. खुर्चीत बसून हात जोडून, मस्तक नमवून वंदन करा. आजींना ‘एवढं तर कराच’ म्हणणारे घरचेच असतात. त्यांना थांबवा.

## टप्पा ७: एकवीस नावांची फेरी

क्रम प्रत्येक वेळी सारखाच: दुहे, त्यांत ते नाव, ध्रुवपद, सगळ्यांनी मिळून सूत्र, खमासमण, बदाम दुसऱ्या वाटीत. सातव्या आणि चौदाव्या नावानंतर क्षणभर थांबा. मोजणाऱ्याने ‘सात झाले’, ‘चौदा झाले’ एवढंच सांगावं. उशिरा आलेल्यांनी जिथे फेरी चालू असेल तिथून सामील व्हावं आणि राहिलेले नंतर आपले आपण पूर्ण करावेत. त्यांच्यासाठी फेरी मागे नेऊ नका.

मनात काय धरायचं, तेही थोडक्यात सांगतो, कारण नुसत्या नावांना मन टिकत नाही. पुंडरीकगिरि म्हणताना आदिनाथ भगवंतांचे पहिले गणधर (प्रमुख शिष्य) पुंडरीकस्वामी, जे चैत्री पौर्णिमेला पाच कोटी मुनींसह इथे मोक्षाला गेले. सिद्धक्षेत्र म्हणताना या डोंगराच्या खड्याखड्यावर अनंत आत्मे सिद्ध झाले ही श्रद्धा. आणि आजच्या तिथीला द्राविड आणि वारिखिल्ल हे दोघे दहा कोटी मुनींसह मुक्त झाले, म्हणूनच हे खमासमण आज आहेत. हे दोन-तीन वाक्यांत, फेरी सुरू होण्याआधी सांगा. मध्ये प्रवचन नको. लोक उभे असतात.

तपासा: सर्वकामद म्हणून झालं तेव्हा पहिल्या वाटीत एकही बदाम उरलेला नसावा. उरला असेल तर कुठला दुहा सुटला ते कागदावर शोधा आणि तेवढाच करा. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही.

## टप्पा ८: चैत्यवंदन आणि काउसग्ग

काही संघ हे खमासमणांच्या आधी करतात, काही नंतर. दोन्ही चालतं, फक्त एक संपवून दुसरं घ्या. इथली मुख्य चूक मोजणीची आहे: इरियावहियंच्या (येण्याजाण्यात झालेल्या हिंसेच्या क्षमेच्या सूत्राच्या) आधीचा एक आणि चैत्यवंदनाच्या आधीचे तीन खमासमण एकवीसमध्ये धरायचे नाहीत. ‘आम्ही चोवीस दिले’ किंवा ‘आमचे सतराच राहिले होते’ या तक्रारी इथूनच निघतात. हे खमासमण देताना बदामांना हात लावू नका.

काउसग्ग एकवीस लोगस्सचा. लोगस्स म्हणजे चोवीस तीर्थंकरांचं स्तुतिसूत्र. लोगस्स प्रत्येक वेळी *चंदेसु निम्मलयरा* पर्यंत मनात म्हणायचा. लोगस्स येत नसेल तर एका लोगस्सऐवजी चार नवकार, म्हणजे एकूण ८४ नवकार. एका लोगस्सचे २५ श्वासोच्छ्वास धरले तर एकवीसचे ५२५ होतात, तेव्हा पाच मिनिटांत काउसग्ग पारला (संपवला) गेला तर काहीतरी सुटलं आहे. प्रमुखाने आपला आटोपला म्हणून लगेच *नमो अरिहंताणं* म्हणू नये, मागच्यांसाठी थांबावं. उभं राहणं जमत नसेल त्यांनी बसून करावा.

नव्वाणू यात्रेच्या (गिरिराजाच्या ९९ यात्रांच्या) रोजच्या विधीत नऊ साथिये, नऊ खमासमण, नऊ लोगस्स असतात. त्या यात्रेला जाऊन आलेली मंडळी सवयीने नऊवर थांबतात. आजचा विधी एकवीसचा आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

वेळ आणि उत्साह असेल तर पटावर बोट न लावता, काठीच्या टोकाने दाखवत भावयात्रा करा: जय तळेटी (डोंगराचा पायथा), शांतिनाथ, रायण पगलां (रायणाच्या झाडाखालच्या पादुका), पुंडरीकस्वामी, आदीश्वर दादा, अशी पाच ठिकाणची चैत्यवंदनं. ज्यांनी गिरिराज कधी पाहिला नाही त्यांना इथे सगळ्यात जास्त मिळतं. तेव्हा दाखवणारा माणूस प्रत्यक्ष जाऊन आलेला असावा.

## टप्पा ९: आवराआवर

अविधी-आशातनेचं (विधीतल्या चुका आणि अनादराचं) *मिच्छामि दुक्कडं* सगळ्यांनी मिळून म्हणा आणि मगच सतरंज्या उचला. अर्पण केलेला तांदूळ, फळं, नैवेद्य घरी न्यायचा नाही. तो संघाच्या व्यवस्थेप्रमाणे मंदिरात जाईल. मोजणीचे बदाम अर्पण केलेले नाहीत, पण तेही कुणाच्या खिशात जाणार नाहीत याची काळजी मोजणाऱ्याने घ्यावी. पुढच्या वेळेसाठी डबीत ठेवावेत.

कापडी पटाची घडी कधीही घालू नका. घडीच्या रेषेवर आधी रंग तडकतो, मग कापड. जाड नळीवर सैल गुंडाळा, मध्ये स्वच्छ मलमल घाला, आणि गुंडाळण्याआधी पट सावलीत पूर्ण कोरडा झाला आहे ना ते हाताने बघा. पहाटेचं दव पटाच्या खालच्या कडेला लागलेलं असतं आणि तिथेच पुढे बुरशी धरते. खुणा केलेला नावांचा मूळ कागद त्याच नळीत ठेवा, आणि या वेळी कुठे अडलं ते त्याच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.